खाडीच्या अलीकडे, खाडीच्या पलीकडे

रोडपाली कुठे, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर आधी कळंबोली सांगावी लागते, आणि कळंबोली सांगायची तर लोखंड बाजार आणि सर्कल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथून सुरू होतो, सायन-पनवेल महामार्ग इथेच येऊन मिळतो आणि जेएनपीटी बंदराकडे जाणारे ट्रेलर रात्रंदिवस या सर्कलला वळसा घालत असतात. त्या गोंगाटापासून थोडं आत, तळोजा एमआयडीसीतून वाहत येणाऱ्या कासाडी नदीच्या अंगाला रोडपाली आहे. आधी भातशेती करणारं आगरी गाव, मग सिडकोचे सेक्टर, आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिका.

या पट्ट्यात क्रिकेटचं वेड जुनं आहे आणि ते टेनिस बॉलचं आहे. भाताची कापणी-झोडणी आटोपली की रिकाम्या शेतातली ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, जमीन चोपून घ्यायची आणि गाव विरुद्ध गाव सामने लावायचे. आता शेतं उरली नाहीत, पण पनवेल-उरणकडचे सामने थांबलेले नाहीत. हिवाळ्यात रात्रीच्या उजेडात ते रंगतात, समालोचक आगरी बोलीत फलंदाजाची फिरकी घेतो, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालतं आणि बक्षीस म्हणून मोटारसायकल मांडवाजवळ उभी असते. इथल्या मुलाला यॉर्कर कसा टाकायचा हे कुणी शिकवत नाही. मुलींना मात्र या मांडवात प्रेक्षक म्हणूनसुद्धा फारशी जागा नसायची.

माझी भाची सांगलीची. आठवीत आहे, लेदर बॉलने ऑफस्पिन टाकते. सुट्टीत रोडपालीला आली ती यादी ठरवूनच. "मावशी, जिथे कप उचलला ते ग्राउंड आधी. मग वानखेडे." स्मृती मानधना सांगलीची, त्यामुळे भाचीच्या लेखी नेरूळच्या त्या मैदानावर सांगलीचाही थोडा हक्क आहे. मुंबईचं क्रिकेट बघायला निघणारा माणूस एरवी थेट चर्चगेट गाठतो. आम्ही त्याची सुरुवात घरापासून सर्वांत जवळच्या मैदानावरून केली, आणि त्यामुळे पुढची सगळी मैदानं मला वेगळी दिसली.

रोडपालीहून नेरूळला जाणारा रस्ता कामोठे, खारघर, बेलापूरवरून जातो. आज दोन्ही बाजूंना टॉवर आहेत. ५०-६० वर्षांपूर्वी इथे भातखाचरं, मिठागरं आणि खाडीचं पाणी अडवणारे बांध होते. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले आणि त्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं. नव्या विमानतळाला दिबांचं नाव हवं, हा आग्रह त्याच आठवणीतून येतो. या महामार्गावरून जाताना जे जे चकचकीत दिसतं, ते कुणाच्या तरी खाचरावर उभं आहे. स्टेडियम बघायला निघालेल्या माणसाने हे विसरू नये असं मला वाटतं.

उरण फाटा ओलांडला की डाव्या हाताला डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम दिसतं. डी. वाय. पाटील मूळचे कोल्हापूरचे शिक्षणसंस्थाचालक, पुढे त्रिपुरा आणि बिहारचे राज्यपाल झाले. त्यांच्या विद्यापीठाच्या आवारात हे मैदान ४ मार्च २००८ रोजी खुलं झालं. वास्तुरचना हफीझ काँट्रॅक्टर यांची. उद्घाटनाला तीन महिने होतात न होतात तोच, १ जूनला, आयपीएलच्या पहिल्या मोसमाचा अंतिम सामना इथे झाला आणि राजस्थान रॉयल्सने चेन्नईला हरवलं. देशातली बहुतेक मोठी मैदानं क्रिकेट संघटनांची किंवा सरकारची असतात. हे एका विद्यापीठाचं आहे. म्हणून इथे फुटबॉलही येतं, गाण्याचे कार्यक्रमही येतात. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने इथे झाले, २०२२ मध्ये त्याच वयोगटातल्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, आणि २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेने हेच मैदान भरवलं.

एका परिचितांमुळे आम्हाला आत जाता आलं. रिकामं स्टेडियम मी पहिल्यांदाच बघत होते. आत आल्यावर नजर सर्वांत आधी छताकडे गेली. एवढं मोठं छत, पण प्रेक्षकाच्या समोर एकही खांब नाही. ते मागच्या बाजूने तोलून धरलं आहे, त्यामुळे सर्वांत वरच्या रांगेतूनही दोन्ही यष्ट्या स्वच्छ दिसतात. जुन्या मैदानांवर खांबाआड बसून अर्धा सामना शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेली माणसं माझ्या घरात आहेत. त्यांना हे छत दाखवायला हवं होतं.

भाची मात्र खाली वाकून गवत बघत होती. खाडी जवळ असल्याने इथली हवा दमट असते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य मावळला की गवतावर दव धरायला लागतं. चेंडू सीमारेषेपर्यंत जाऊन आला की ओला होतो. "ओला बॉल बोटांतून सटकतो मावशी. शिवणच पकडता येत नाही. टाकायला जावं ऑफस्पिन आणि पडतो फुलटॉस." म्हणूनच इथे रात्रीच्या सामन्यात नाणेफेक जिंकणारा कर्णधार बहुधा आधी गोलंदाजी घेतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टने तेच केलं.

त्या दिवशीचा, विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा, संध्याकाळी पाचला सुरू झाला. भारताच्या ७ बाद २९८ धावा झाल्या. त्यात सर्वाधिक ८७ शफाली वर्माच्या, आणि शफाली मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला उपांत्य फेरीआधी बोलावलं होतं. वोल्वार्टने शतक झळकावलं तरी दुसऱ्या बाजूने बळी पडत गेले. दीप्ती शर्मा ऑफस्पिनर. फलंदाजीत तिचं अर्धशतक झालंच होतं, त्यावर रात्रीच्या डावात तिने ३९ धावांत ५ बळी घेतले. शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीतने मागे पळत जाऊन टिपला. भारत ५२ धावांनी जिंकला आणि महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा भारतात आला. तीनच दिवस आधी याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग झाला होता. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तेवढा मोठा पाठलाग तोवर कुणी केला नव्हता, आणि त्यात मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली.

हे सामने नेरूळला आले त्यामागे एक दुःखद घटना आहे. स्पर्धेच्या मूळ आखणीत बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम होतं. ४ जून २०२५ रोजी तिथल्या विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जण दगावले, आणि नंतर बेंगळुरूऐवजी नेरूळ ठरलं. पण महिला क्रिकेट या मैदानाला नवं नव्हतं. महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना ४ मार्च २०२३ रोजी इथेच झाला. त्याच वर्षी डिसेंबरात भारताने इंग्लंडला इथे कसोटीत ३४७ धावांनी हरवलं. धावांच्या हिशेबात महिलांच्या कसोटीतला तो सर्वांत मोठा विजय होता.

कप मिळाल्यावर भारतीय मुलींनी तो मिताली राज आणि झूलन गोस्वामी यांच्या हातात दिला. २०१७ मध्ये लॉर्ड्सवर अंतिम सामना ९ धावांनी हरलेल्या संघात त्या दोघी होत्या. तो क्षण मैदानाच्या नेमक्या कोणत्या भागात घडला हे भाचीला माहीत होतं. ती तिथे जाऊन उभी राहिली. मी फोटो काढला. त्याहून जास्त काही बोलायची गरज नव्हती.

नेरूळहून हार्बरची लोकल पकडली. वाशी सुटलं की गाडी ठाणे खाडीवर येते. हा रेल्वेपूल १९९२ चा. त्याआधी सत्तरच्या दशकात रस्त्याचा पूल झाला, आणि त्याच्याही आधी पनवेलकराला मुंबई गाठायची तर ठाण्याचा वळसा होता. उरणकर मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. कसोटी सामना बघायला मुंबईला जाणं हा या भागातल्या माणसासाठी खर्चाचा आणि रजेचा बेत असायचा, म्हणून बहुतेकांनी मुंबईचं क्रिकेट रेडिओवर ऐकलं. मानखुर्दला गाडी लागते तेव्हा नवी मुंबईतली मंडळी अजूनही "मुंबईला आलो" म्हणतात.

सीएसएमटीला उतरून रस्ता ओलांडला की आझाद मैदान. इथे स्टेडियम नाही, स्टँड नाही, तिकीट तर नाहीच. आहेत त्या खेळपट्ट्या, एकाला एक लागून, सुमारे २२. एका सामन्याचा मिड-ऑन दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. चेंडू कुणाचाही असो, अंगावर आला तर अडवून परत फेकायचा, हा अलिखित नियम. मधून चर्चगेटकडे जाणारे नोकरदार चालत असतात आणि फलंदाज त्यांच्यासाठी थांबत नाही. नेरूळच्या भव्य शांततेनंतर हे दृश्य बघून भाची हरखली. मला स्वतःला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त नवल इथेच वाटलं. एवढ्या दाटीत कुणाचा सामना कुठे संपतो हे आम्हाला कळत नव्हतं, पण खेळणाऱ्यांना त्याची जराही अडचण नव्हती.

१९८८ च्या फेब्रुवारीत याच मैदानावर हॅरिस शिल्डच्या शालेय सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी ६६४ धावांची भागीदारी केली. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्या दोघांनंतर फलंदाजीला जायला जो मुलगा पॅड बांधून बसला होता, तो त्या सामन्यात बसूनच राहिला. त्याचं नाव अमोल मुझुमदार. पुढे त्याने मुंबईकडून रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा जमवल्या, मुंबईचं नेतृत्व केलं. भारताची टोपी मात्र मिळाली नाही. नेरूळला विश्वचषक जिंकलेल्या संघाचा मुख्य प्रशिक्षक तोच. मैदानाच्या कडेला उभं राहून मी हे भाचीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग पॅड बांधून तो दिवसभर काय करत होता?" बसून बघत होता, एवढंच मला ठाऊक. बसून बघण्यातून माणूस किती शिकू शकतो, याचं उत्तर आम्ही सकाळी नेरूळला पाहून आलो होतो.

मुंबईचं क्रिकेट या मैदानांनीच घडवलं, त्यातही पावसाने. डॉ. होर्मसजी कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ऐन पावसाळ्यात खेळतात. चिखलात धावायचं, ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, कधी सरपटतो आणि कधी थांबून येतो. अशा विकेटवर २० धावा करणारा पोरगा कोरड्या विकेटवर सहज उभा राहतो. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक मुंबईकडे होता. 'खडूस' म्हणून देशभर ज्या क्रिकेटची ख्याती झाली, ते अशा ओल्या मैदानांवर मुरलं.

आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखान्याची उतरत्या छपराची इमारत आहे. भारतातला पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ रोजी इथे सुरू झाला. भारताचे कर्णधार सी. के. नायडू, इंग्लंडचे डग्लस जार्डिन. दुसऱ्या डावात लाला अमरनाथांनी ११८ धावा केल्या, भारतीयाचं हे पहिलं कसोटी शतक. त्या आनंदात बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, असं सांगितलं जातं. ज्या जिमखान्यावर हे घडलं, त्याचं सभासदत्व तेव्हा फक्त गोऱ्यांना होतं. शतक ठोकणारा माणूस त्या क्लबचा सभासद होऊ शकला नसता.

इथून पुढे दिवसभर माझ्या मनात एकच धागा राहिला. मुंबईतलं प्रत्येक मोठं मैदान बसायची जागा कुणाला, या प्रश्नातून उभं राहिलं आहे.

ओव्हल ओलांडून, राजाबाई टॉवर मागे टाकून चर्चगेट स्टेशनच्या पलीकडे गेलं की ब्रेबॉर्न स्टेडियम. गोऱ्यांच्या जिमखान्याबाहेर भारतीयांना हक्काचं घर हवं म्हणून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया निघाला, आणि समुद्र हटवून केलेल्या बॅकबेच्या जमिनीवर १९३७ च्या डिसेंबरात हे मैदान खुलं झालं. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचं नाव त्याला दिलं ते जागा मिळवण्यासाठीच, अशी कथा आहे. मैदान देखणं होतं, क्लब श्रीमंत होता, आणि कसोटी सामने इथे व्हायचे. पण कसोटी भरवण्याची जबाबदारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची आणि मैदान क्लबचं. असोसिएशनशी जोडलेले शेकडो छोटे क्लब, म्हणजे आझाद मैदानावर कांगा लीग खेळणारी माणसं, त्यांना कसोटीच्या वेळी किती जागा द्यायच्या यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर तो इतका चिघळला की असोसिएशनने आपलं मैदान बांधायचं ठरवलं.

ब्रेबॉर्नच्या दारात उभी राहिले तेव्हा मला आणखी एक विस्थापन आठवत होतं. २०१३ चा महिलांचा विश्वचषक मुंबईत होता, सामने वानखेडेवर ठरले होते. ऐनवेळी मुंबईने रणजीची अंतिम फेरी गाठली, वानखेडे त्या सामन्याला हवं म्हणून विश्वचषक तिथून हलवण्यात आला. अंतिम सामना ब्रेबॉर्नवर झाला. जगाच्या स्पर्धेने घरच्या स्पर्धेसाठी जागा सोडली, कारण खेळणाऱ्या बायका होत्या. १२ वर्षांनी नेरूळला जे झालं, ते याच शहराच्या खात्यावर दुसऱ्या बाजूला मांडायला हवं. खरं तर महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ चा, पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन वर्षं आधीचा. मुंबईच्याच डायना एदुलजी १९८६ मध्ये भारतीय संघातून इंग्लंडला गेल्या, तेव्हा लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये त्यांना प्रवेश नाकारला होता. बसायच्या जागेचा प्रश्न फक्त मुंबईपुरता नव्हता.

ब्रेबॉर्नहून वानखेडे चालत काही मिनिटांवर आहे. नकाशात हे कळत नाही, चालताना कळतं, आणि चकित व्हायला होतं. एका वादासाठी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं. शेषराव वानखेडे विदर्भातले नेते, विधानसभेचे अध्यक्ष आणि असोसिएशनचे प्रमुख. त्यांनी हे मनावर घेतलं. वास्तुविशारद शशी प्रभू. साधारण वर्षभरात काम उरकलं आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी इथे झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचं अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला मारलं आणि प्रेक्षक भडकले. नव्याकोऱ्या मैदानाची पहिलीच कसोटी दंगलीने गाजली.

आजचं वानखेडे त्या वेळचं राहिलेलं नाही. २०११ च्या विश्वचषकाआधी ते जवळजवळ नव्याने बांधलं. स्टँडवर पांढऱ्या कापडी पोताचं छत आलं, खुर्च्या आल्या आणि आसनक्षमता ३३ हजारांच्या आसपास उतरली. अहमदाबादचं स्टेडियम १ लाख ३२ हजारांचं आहे, त्यापुढे हे छोटंच. पण स्टँड उभे चढलेले आणि मैदानाच्या अगदी अंगावर आहेत, म्हणून आवाज बाहेर न जाता खेळाडूंवर कोसळतो. एका बाजूला पश्चिम रेल्वेचे रूळ आहेत. आम्ही वरच्या रांगेत होतो तेव्हा लोकल गेली, आणि दारात लटकलेली मुलं मान वळवून मैदानाकडे बघत होती. सामना असो नसो, ती बघतातच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये इथे मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तिथल्या वस्तूंपेक्षा मला खेळपट्टी जवळून बघायची होती, आणि ती दोरीच्या कुंपणापलीकडून का होईना दिसली. वानखेडेची माती लाल. काळ्या मातीत चिकणमाती जास्त असते, तिच्यावर चेंडू बहुधा खाली राहतो आणि हळू येतो. लाल माती लवकर सुकते, टणक होते, चेंडू उसळतो. शॉट खेळणाऱ्याला तो बॅटवर छान येतो आणि पहिल्या तासात वेगवान गोलंदाजालाही मदत मिळते. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की नवा चेंडू हवेत वळतो. तासाभराने तीच खेळपट्टी फलंदाजाची होते. खेळपट्टीला भेगा किती पडू द्यायच्या, रोलर किती वेळ फिरवायचा, पाणी कधी तोडायचं, हे ठरवणाऱ्याला मुंबईच्या मैदानांवर 'माळी' म्हणतात. धावफलकावर त्याचं नाव कधीच नसतं.

या मातीवर २ एप्रिल २०११ रोजी भारताने श्रीलंकेविरुद्ध २७५ धावांचं लक्ष्य गाठलं. गंभीर ९७, धोनी नाबाद ९१, आणि कुलसेकराला मारलेला तो षटकार. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी निवृत्तीचं भाषण संपल्यावर तेंडुलकर पुन्हा एकटा आत गेला, वाकला आणि खेळपट्टीला हात लावून कपाळाला लावला. आणि २०२३ च्या डिसेंबरात, नेरूळच्या कसोटीनंतर लगेचच, भारतीय महिलांनी इथे ऑस्ट्रेलियाला आठ गडी राखून हरवलं. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा त्यांचा तो पहिला कसोटी विजय. संग्रहालयाबाहेर भाची कुणाला तरी हेच समजावून सांगत होती. समोरचे गृहस्थ धोनीच्या षटकाराची खुर्ची शोधत होते, पण त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

वानखेडेवरून मरीन ड्राइव्हने गिरगाव चौपाटीच्या दिशेने निघालं की ओळीने जिमखाने लागतात, हिंदू, इस्लाम, पारशी. एकेकाळी मुंबईचं क्रिकेट धर्माधर्मांच्या संघांत खेळलं जायचं, त्याच्या या खुणा. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्याची ही इमारत बघताना मला बाळू पालवणकरांची आठवण येते. चर्मकार कुटुंबातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात आधी खेळपट्टीची देखभाल करायचा, इंग्रज साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकायचा. हिंदू संघाला जिंकायला त्याची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी सहकारी पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि त्याला बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल पालवणकर याला मिळालं. वानखेडेवर तेंडुलकर, गावसकर, मर्चंट, वाडेकर, रोहित शर्मा यांच्या नावांचे स्टँड आहेत. पालवणकर बंधूंच्या नावाचा स्टँड मला तिथे बघायचा आहे.

याच हिंदू जिमखान्याच्या आवारात माळ्याच्या खोलीत एकनाथ सोलकर वाढले. वडील खेळपट्टी सांभाळायचे, मुलगा सामन्यांच्या वेळी धावफलकावरचे आकडे बदलायचा. पुढे तो फॉरवर्ड शॉर्ट लेगला, डोक्यावर हेल्मेट नसताना, फलंदाजाच्या पुढ्यात उभा राहायला लागला आणि २७ कसोटींत त्याने ५३ झेल घेतले. फलंदाज म्हणून कसोटीत त्याच्या नावावर शतक एकच. ते १९७५ च्या जानेवारीतलं, वानखेडेच्या पहिल्या कसोटीतलं. लॉइडच्या द्विशतकाच्या त्याच सामन्यात माळ्याच्या मुलाने १०२ धावा केल्या, आणि वानखेडेवर भारताकडून झालेलं पहिलं कसोटी शतक ते होतं.